कण्या कुणाच्या हाताने झाल्या

माझ्या बापाने माझ्या आईला तांदळाच्या कण्या झाल्या म्हणून मारलं. एकदा नाही, ओळीने चार वर्षं, दिवाळीनंतर गिरणीतून पोतं घरी आलं की. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी पेशी, आरएनए, सूक्ष्मदर्शक असलं बरंच काही बोलणार आहे आणि लोकांना वाटतं, हिला लहानपणापासून विज्ञानाची आवड असणार. आवड कसली, डोंबल! मला बापाला खोटं पाडायचं होतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्यापासून आत. वरच्या खाचरांत दुकानातून आणलेलं बी, खालच्या दोन खाचरांत आजोबांचं. आजोबा गेल्यावर ते बी बाबाने सांभाळलं. एका वर्षी त्याला त्यात एक लोंबी दिसली, वीतभर लांब, भरगच्च. ती त्याने वेगळी काढली, फडक्यात बांधली, पुढच्या वर्षी तेवढीच वेगळी पेरली. तीन-चार वर्षांत दोन्ही खाचरं त्या एकाच लोंबीच्या पोरांनी भरून गेली. बांधावरून जाणारा थांबून बघायचा आणि बाबा मिशीवर हात फिरवायचा. "बी निवडायला नजर लागते," म्हणायचा. नजर होतीच त्याला, ते मी नाकारत नाही.

खाचरं भरल्यावरचा पहिला भात आम्ही गिरणीवर नेला तेव्हा मी बारावीला होते. पोती उतरवायला म्हणून बाबाबरोबर मीच गेले. वरून भात ओतला, खालून तांदूळ पडायला लागला आणि गिरणीवाल्याने मूठ भरून बघितली. अर्ध्याहून जास्त कण्या. उरलेल्यात पांढरं पीठ.

"दादा, वहिनींनी भात वाळवला का भाजला?" तो गिरणीच्या आवाजावरून ओरडला. "पापड नाय ते, एवढा ऊन कशाला दावला?"

रांगेतले सगळे हसले. बाबाही हसला. तसा तो घरी कधीच हसायचा नाही.

भात जास्त वाळला, किंवा वाळून पुन्हा दवात भिजला आणि परत तापला, की दाण्याला आतून तडे जातात आणि तो गिरणीत मोडतो. हे खरं आहे, कुणीही सांगेल. आणि वाळवणं हे बायकांचं काम. खळ्यात भात पसरायचा, तासातासाने पायाने हलवायचा, दाताखाली दाणा फोडून बघायचा, कट्ट वाजला की लगेच गोळा करायचा. म्हणून आमच्याकडे तांदूळ मोडला की बाईचा हात वाईट, हे ठरलेलं. बियाला कुणी नावं ठेवत नाही. बी बापजाद्यांचं असतं.

घरी आल्यावर बाबाने पोतं पडवीत आपटलं आणि तोंड सोडलं. "बघ. बघ तुझा काम." आई वाकून बघायला लागली. तिने मूठभर कण्या हातात घेतल्या आणि काहीच बोलली नाही. ती गप्प राहिली याचाच त्याला जास्त राग आला असावा. बाजूला भात मोजायची लोखंडी पायली होती. ती त्याने उचलली आणि तिच्या डोक्यावर घातली. तिने हात आडवा केला म्हणून ती मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. मग त्याने तिची मान धरून तोंड पोत्यात दाबलं. "खा! खा आता! चार मान्सांत माझी लाज घालवलीस, खा!"

मी त्याच्या दंडाला चावले. नुसती चावले नाही, धरून ठेवलं, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्याने मला भिंतीवर फेकलं. माझा पुढचा दात अर्धा तुटला, तो अजून तसाच आहे. बसवून घ्यायला पैसे आहेत, पण मला तो तसाच हवा आहे.

दुसऱ्या दिवशी आई शहापूरला तिच्या भावाकडे गेली, हात पदरात गुंडाळून. चार दिवसांनी मामा तिला परत सोडायला आला. येताना बाबासाठी कोंबडा घेऊन आला! माझं डोकंच फिरलं. मामा मला समजावत होता, "नवरा हाय गो, रागाच्या भरात झाला." बाबाने कोंबडा कापला, दोघे पडवीत बसून जेवले आणि रस्सा वाढत होती कोण, तर मोडक्या हाताची माझी आई. मनगट हाडवैद्याने बसवलं ते वाकडंच बसलं.

पुढच्या वर्षी तिने तो भात जिवाच्या धाकाने वाळवला. दर थोड्या वेळाने दाणा दाताखाली. रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री, ताडपत्रीवर गोधडी. कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली मी स्वतः बघत होते. आणि तरी कण्या. तरी मार. तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षी तेच. मग बाबानेच कंटाळून त्या भाताला भाकरीचा भात म्हणायला सुरुवात केली. त्याचं पीठ दळायचं, भाकऱ्या मऊ होतात, म्हणे. मार त्या कारणाने थांबला. माणसाला मारायचंच असेल तर कारणांना काय तोटा!

पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलं. एवढं नीट वाळवूनही दाणा मोडतो, म्हणजे खोट आधीपासून दाण्यात आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर कोण ते मी शोधणार होते.

शहापूरला त्याच मामाकडे राहून मी बीएस्सी केलं. तिथे त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. मग एमएस्सी, मग मुंबईत एका प्रयोगशाळेत पीएचडी. वाशिंदला खोली घेतली. पहिल्याच वर्षी मी आमच्या खाचरातला भात कापणीच्या दिवशी लोंबीसकट नेला, प्रयोगशाळेत मोजूनमापून वाळवला, ओलावा यंत्राने तपासला आणि छोट्या यंत्रावर भरडला. कण्याच कण्या. ब्लेडने दाणा आडवा कापला, तर आत काचेसारखा दिसायला हवा तिथे खडूसारखा पांढरा, भुसभुशीत. मी लगेच बाबाला फोन लावला.

"मी वाळवला, मशीनवर वाळवला. तरी मोडला. आईचा हात नव्हता त्यात."

 तो म्हणाला, "म्हंजे तुझा पण हात तिच्यावरच गेला."

मी फोन फेकला. काच फुटली. खाण तशी माती, दुसरं काय!

तेव्हा ठरवलं, दाण्याच्या आत आणखी खोल जायचं. इतकं खोल, की तिथे कुणाचा हात पोचूच शकणार नाही.

तिथे काय असतं ते साध्या भाषेत सांगते. दाणा भरत असतो तेव्हा त्यातल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार होत असतात. कुठलं प्रथिन करायचं त्याचा मूळ मजकूर डीएनएमध्ये, केंद्रकात बंद. त्याची एक नक्कल निघते आणि बाहेर जाते. ती नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए. आता नक्कल बाहेर पडली की पेशीत कुठेही फिरत असेल, असं मलाही वाटायचं. तसं नाही. भाताच्या दाण्यात दोन मोठी साठवणीची प्रथिनं, ग्लुटेलिन आणि प्रोलामिन. दोघांच्या नकला वेगवेगळ्या जागी जाऊन बसतात. पेशीत पडद्यांची जाळी असते. ग्लुटेलिनची नक्कल तिच्या सपाट भागावर बसते. प्रोलामिनची नक्कल त्याच पडद्यांत साठणाऱ्या प्रोलामिनच्या गोल कणांभोवती बसते. जिथे नक्कल बसते तिथेच प्रथिन तयार होतं आणि तिथून पुढे त्याचा मुक्काम ठरतो. कुठे जायचं हे नकलेच्याच अंगावर लिहिलेलं असतं. ते वाचून तिला धरून नेणारी वेगळी प्रथिनं असतात, टपाल पोचवणाऱ्या माणसांसारखी.

माझा संशय असा, की आमच्या भातात टपाल चुकीच्या दारात पडत होतं.

हे बघायला पिकलेला दाणा चालत नाही. चिकातला लागतो, फुलोऱ्यापासून दहा-बारा दिवसांचा, नखाने दाबला की दूध येतं तो. म्हणजे कुठली लोंबी कोणत्या दिवशी फुलली ते माहीत हवं आणि मी तर वाशिंदला. हे काम कुणी केलं, सांगा! बाबाने. मी सांगितलं, कॉलेजचं काम आहे, बियाचा अभ्यास. आपल्या बापाचं बी मुंबईला चाललंय म्हणून तो हरखला. रोज सकाळी खाचरात उतरायचा, त्या दिवशी फुललेल्या लोंबीला दोरा बांधायचा, सोमवारी लाल, मंगळवारी पिवळा, असं सगळं वहीत लिहायचा. मी बर्फाची पेटी घेऊन यायचे तेव्हा सिद्धगडाकडून आलेल्या पावसात छत्री माझ्यावर नाही, लोंब्यांवर धरायचा. दोरा सोडताना एक दाणासुद्धा दुखवायचा नाही. त्या बोटांकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, एवढं नाजूक तुला जमतं तर!

आरएनए मारायला काही लागत नाही. आपल्या बोटाचा घाम पुरतो. त्यातलं द्रव्य क्षणात त्याचे तुकडे करतं. म्हणून दुहेरी हातमोजे, सगळं निर्जंतुक. काही दाणे रसायनात ठेवून त्यांचे पातळ काप घ्यायचे. काही द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे, ते दगडासारखे होतात, आणि खलात घालून बत्त्याने कुटायचे. धूर निघत असतो, हात बधिर होत असतात. ते कुटणं मला फार आवडायचं. प्रत्येक घाव त्याच्या तोंडावर घालत होते, खोटं कशाला बोलू? एकदा खल फुटला. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, तुकड्यांकडे बघून म्हणाल्या, "बाई गं, पावडर हवी आहे, सूड नको." सगळे हसले. मी नाही हसले.

काप तयार झाले की त्यावर चमकणारे शोधक सोडायचे. ग्लुटेलिनच्या नकलेला चिकटतो तो हिरवा, प्रोलामिनच्या नकलेला चिकटतो तो लाल. मग अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक. दोन वर्षं काही दिसलंच नाही. कधी काप फाटले, कधी आरएनए आधीच मेलेला. मी एका वर्गमैत्रिणीच्या अंगावर पेट्री डिशांचा गठ्ठा फेकला, ती माझा काप हलवून गेली म्हणून. नंतर तिची माफी मागितली. तिने केली माफ, पण पुन्हा माझ्या टेबलाकडे फिरकली नाही.

तिसऱ्या वर्षी दिसलं. शेजारच्या गावातून आणलेल्या साध्या भातात हिरवं वेगळं, लाल वेगळं. लाल नेमकं गोल कणांभोवती कडं धरून, हिरवं बाजूला पसरलेलं. आणि आमच्या भातात हिरवंसुद्धा त्याच गोल कणांना चिकटलेलं! ग्लुटेलिनची नक्कल प्रोलामिनच्या दारात जाऊन बसलेली. मी टेबलावर मूठ आपटली. "सापडला! सापडला मेला!" मॅडम धावत आल्या, बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "एक दाणा झाला. आता तीस कर."

तीस केले. सगळीकडे तेच. पुढे धरून नेणाऱ्या एका प्रथिनात बदल सापडला, एका अक्षराचा. एवढ्यानेच दाणा पिठूळ होतो असं मी प्रबंधात छातीठोक लिहिलं नाही. "संबंध दिसतो" असं लिहिलं. घरी मात्र छातीठोक सांगणार होते. कारण आजोबांच्या बियाचे काही जुने दाणे आत्याच्या घरी देवाजवळच्या गाडग्यात मिळाले, ते मी आधीच तपासले होते. ते चांगले होते. खोट आली होती त्या एका देखण्या लोंबीतून. बाबाने नजरेने निवडली त्या.

फोटो मोठे छापून घेतले आणि मुरबाडहून जीपने गावी गेले. दुपार होती. बाबा पडवीत कोयत्याला धार लावत होता. आई आत भाकऱ्या थापत होती. मी फोटो त्याच्यासमोर जमिनीवर मांडले.

"हा शेजारचा भात. हा आपला. हिरवं बघ, कुठे आहे आणि कुठे असायला पाहिजे."

त्याने चष्मा लावला. खरंच मन लावून बघितलं. मी सगळं सांगितलं, नक्कल, जागा, टपाल. त्याला कळलं. तो मूर्ख नाही, तीच तर बोंब आहे.

"म्हंजे बी खराब व्हता," तो म्हणाला.

"बी खराब नव्हतं. आजोबांचं बी चांगलं होतं, मी तपासलंय. खराब ती लोंबी. ती कुणी निवडली?"

त्याने हातातला फोटो उलटा करून खाली ठेवला.

"बोल ना! कुणाचा हात वाईट? चार वर्षं मारलंस तिला. मनगट बघ तिचं! तुझ्या हाताने कण्या झाल्या, तुझ्या! आता तुझं तोंड घालू पोत्यात?"

"आवाज खाली," तो म्हणाला आणि उठला. हात वर गेला. सवयीचा हात, त्याला विचारावं लागत नाही. पण तो आता साठीचा आणि मी खल फोडणारी. मी तो मनगटाजवळ धरला, पिरगाळला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. मग आणखी एक. तो मागे कणगीवर आदळून खाली बसला, ओठ फुटला होता, आणि मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवून ओरडत होते, "बोल, माझी चूक! बोल!" मला बरं वाटत होतं. हे मी लपवणार नाही. इतकं बरं मला प्रबंध मंजूर झाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

"सोड त्याला."

आई दारात उभी होती, हाताला पीठ. ती ओरडली नाही. मी सोडलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, खाली बसली आणि फोटो बघायला लागली, पिठाचा हात लागू न देता.

"आई, तुझी चूक नव्हती," मी धापा टाकत म्हणाले. "हे बघ, पुरावा आहे. तुझ्या हातात काही नव्हतं."

"पहिल्या वर्षी व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"त्या वर्षी मला ताप भरलेला. भात दोन दिस खळ्यातच ऱ्हायला, दवात भिजला, परत तापला. उचलायचा जीवच नव्हता अंगात. मी कुणाला बोलली नाय. गिरणीवरून तुमी आलात तवा मला वाटला, माझ्यानंच झाला." तिने मान वर केली. "आता सांग. माझ्यानं झाला असता तर तो मार बरोबर व्हता?"

बाबा फुटलेल्या ओठाने खाली बघत बसला होता.  शिकले, खल फोडला, तीस दाणे कापले, ती निर्दोष आहे हे दाखवायला. खटला तिच्यावरच आहे, हे तर मीही धरूनच चालले होते.

"नाय," मी म्हणाले.

"मग एवढाच बोलायचा व्हता," आई म्हणाली. "त्याला फोटू कशाला लागले गो तुला?"